बिनपायाचं गिऱ्हाईक

अमावस्येला आम्ही रापी धरत नाही.
म्हणून त्या दिवशी रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची एस्टी,
कळ्याच्या पुढं फाट्यावर उतरून
उसाच्या कडेनं चालत चालत
आम्ही साप बघायला गेलो.
तिघांचे साठ रुपये.
हे म्हणाले, साठात गोंडे आले असते डझनभर.
पण सुमेधच्या वहीत सरपटणाऱ्यांचा धडा होता.

दारातच घोणस.
पाठीवर तपकिरी कड्या, एकीत एक अडकलेल्या.
मी सवयीनं टाके मोजायला लागले
आणि चुकले, कारण ती हलली.
शाळेची पोरं काच बडवत होती, "ए, उठ की!"
तिथली मुलगी, श्रावस्ती, हातात चिमटा,
"बडवू नगासा. तिला कान न्हाईत.
भुईतनं कळतंय तिला समदं."

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं.
चाळीस वर्षं दगडावर कातडं ठोकून
ह्यांचा डावा कान गेलाय.
मी उजवीकडं जाऊन सांगितलं.
"कान न्हाईत? मग पट्टा कुठं शिवायचा?"
आणि स्वतःच हसले, मोठ्यानं,
कारण चपलेला आमच्यात दोन कान असतात.
कान नाही, अंगठा नाही,
पाय तर नाहीच नाही.

पुढच्या खोक्यात नुसती माती.
पाटी: देवगांडूळ.
सुमेध नाक टेकवून पाच मिनिटं उभा.
"हाय रं, हाय आत," श्रावस्ती म्हणाली.
आम्ही मातीला बघून पुढं झालो.

बेडकाच्या टाकीपाशी मात्र मी थांबले.
हा पाणी तोंडानं पीत नाही, म्हणे.
कातड्यानं पितो.
रात्री पिपात भिजत घातलेलं कातडं
सकाळी जड होऊन येतं, फुगलेलं, गार.
पितं, हे माझ्या हातांना ठाऊक होतं.
जिवंतपणी पितं, हे नव्हतं.
तो बसला होता, गळा हलत होता,
पोटाखालची ओल त्याच्यात चढत होती
आणि मला उगाच तहान लागली.

मग श्रावस्तीनं माझ्या तळहातावर ठेवली
धामणीची कात.
अख्खी. डोळ्यांवरचे पापुद्रेसुद्धा.
काय सांगू, वजनच नव्हतं.
मीठ नाही, चुना नाही,
बाभळीची साल नाही, हिरडा नाही,
रापीचा कुठं ओरखडा नाही.
पाटाच्या काठाला तोंड घासून
ती आतून निघून गेली,
मोजा उलटा करून टाकावा तशी,
आणि समोरच, काचेपलीकडं,
ओलसर चकचकीत,
उंदीर पचवत पडली होती.

माझ्या हातात आजवर आलेल्या एकाही कातड्याचा धनी
असा समोर बसलेला नव्हता.

"घरी न्हेऊ?" सुमेध म्हणाला.
"न्हाई बाळा. कायदा हाय."
मी परत दिली. बोटांना काही लागलं नव्हतं,
तरी पदराला पुसली.
काचेशी वाकले तेव्हा धामणीची जीभ दोनदा बाहेर आली.
तिला माझ्या हातांचा वास आला असेल का?
मध्ये काच होती.
तरी मी हात मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानात
मी वेणी घालत होते, हे तळ ठोकत होते.
मध्येच हातोडी थांबली.
डावा पंजा दगडावर तसाच.
"कोण तरी आलंय बघ."
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
मग पायरी वाजली.

पुण्याची बाई. जोड उलटा केला, वास घेतला,
कान ओढून बघितले.
"कशाचं आहे हे?"
म्हशीचं, मी म्हणाले,
नेहमी म्हणते तसं.
ती पैसे मोजत होती, तिनं पुढं काही विचारलं नव्हतं,
तरी मी पुन्हा म्हणाले,
म्हशीचं.