आखडण्याची सूट

मुंढव्याच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं मी पॅटर्नमेकर.
सागवानात पंपाची कवचं कोरायचो,
प्रत्येक माप शंभराला एक जास्त.
लोखंड निवताना आखडतं.
तेवढी सूट ठेवली नाही
तर पुढे काहीच कशात बसत नाही.

आता गेटवर पाटी आहे : निसर्ग उद्यान, काम चालू.
सायमा मुजावर नावाची मुलगी
जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरते, कोपऱ्यांवर दगड ठेवते,
विचारते, काका, इथे काय होतं?
इथे क्युपोला. इथे कोअर शॉप.
इथे आम्ही डबे सोडायचो.
आणि इथे जळकं तेल ओतायचो,
ओतू नका म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
ती लाल फुली मारते.
इथे तीन वर्षं नुसता वाळा, म्हणते,
मुळं घेतील ओढून. मग बघू.

इथे यमाजी ओव्हाळ उभा असायचा, मी म्हणतो,
भट्टीचं तोंड फोडायला.
नकाशावर त्याच्यासाठी खूण नाही.
त्याच्या छातीतली वाळू
कुठल्या मुळांनी ओढली असती,
हे मी तिला विचारत नाही.

परवा पायवाट आखताना काम थांबलं.
स्लॅगच्या खडीत टिटवीची चार अंडी,
तसलीच काळपट, डागांची,
आमच्याच भट्टीतून सांडल्यासारखी.
जेसीबीवाला बसवराज खाली उतरला,
तंबाखू मळत म्हणाला, झाली महिन्याची सुट्टी,
पगार टिटवी देणार का?
सायमाने दोरी बांधली. वाट सहा फूट वळवली.
तरी टिटवी ओरडतच राहिली आमच्यावर,
थेट पहिल्या पाळीचा सुपरवायझर.

संध्याकाळी मी खिशातली जुनी पट्टी काढली,
आमची फाउंड्रीची,
जिचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब.
करंजाचं रोप मोजलं :
दोन फुटाला दोन सूत कमी.
सायमाने तिचा टेप लावला, पुरते दोन फूट.
काका, पट्टी चुकीची आहे तुमची.
चुकीची नाही, म्हटलं.
निवणाऱ्या वस्तूंची आहे.

रोपाभोवती तिने आळ्याची रेघ ओढली होती, हातभर.
मी ती चपलेने पुसली
आणि अंदाजानेच,
बरीच लांबून, पुन्हा आखली.