भरतीचं रजिस्टर

रेव्हरंड रणभिसे, बुधवारच्या अभ्यासाला तुम्ही विचारलंत,
खोटं बोलणं कधी रास्त ठरतं का,
आणि हात वर करायला सांगितलेत.
मी केला नाही. खांदा धरलाय, हेही खरंच आहे.

एकतीस वर्षं इंदूरच्या छावणीत, मिशनच्या इस्पितळात
मी बाळंतपणं केली. म्हणून मला त्या दोन सुइणींचं अप्रूप,
ज्यांनी राजाला तोंडावर सांगितलं, आम्ही पोचायच्या आतच
या बायका मोकळ्या होतात.
देवानं त्यांची घरं वसवली.
थापेबद्दल की त्याचं भय धरल्याबद्दल,
यावर तुमचा अर्धा तास गेला.
मी मनात म्हटलं, काही बायका खरंच लवकर मोकळ्या होतात.
संयोगितागंजातली एक तर टांग्यातच झाली.

माझे वडील मालवा मिलच्या टाइम ऑफिसात.
साहेबानं विचारलं, फाटकावर पत्रकं वाटणारा
तो भागवत सोनोनेच का?
बाबा म्हणाले, होय.
होय म्हणजे होय, त्यापुढचं सगळं सैतानाचं,
हे आमच्या घरी ताटावर बसण्याआधी शिकवलेलं.
भागवतला काढला. त्याची बायको पाटणीपुऱ्याच्या नाक्यावर
भुट्टे भाजायला बसली.
बाबा म्हणत, मी साक्ष दिली, निकाल मी दिला नाही.
पण त्या नाक्यावरून ते पुन्हा गेले नाहीत,
आणि भुट्टा घरात येऊ दिला नाही.

मग ती रात्र.
मुलीला सातवा महिना. एकाच पायात चप्पल.
नाव विचारलं की दाराकडे बघायची.
मी रजिस्टर ओढलं, लिहिलं:
मर्सी शांतवन कसोटे, वय बावीस.
मर्सी माझी धाकटी बहीण. टायफॉइडनं गेली, बावीसचीच.
पेन अडलं नाही.

तासाभरात भाऊ आले, तिघं. धाकटा फार नम्र.
अम्मा, हमारी बहन इधर आई है क्या?
नाही म्हटलं. त्यानं फोटो पुढे केला.
मी चष्मा लावला, उजेडात धरून नीट पाहिला, म्हटलं,
हिला मी ओळखत नाही.
अंगणात शेकोटीपाशी शिष्य बोलला होता, तेच वाक्य.
तो स्वतःची कातडी वाचवत होता, एवढाच फरक.
आणि कोंबड्याच्या जागी
तिसऱ्या पाळीचा भोंगा वाजला.

थोरल्यानं रजिस्टर मागितलं.
ओळीवरून बोट फिरवत आला, मर्सीवर थांबला.
क्रिस्तान है, म्हणाला, आणि मिटलं.

त्या खोट्याची मला भीती वाटत नाही, रेव्हरंड.
ते किती सफाईनं आलं, त्याची वाटते.
आवाज हलला नाही. हा सराव कुठला?
आईला सांगितलेलं, फी भरली.
मेट्रनला सांगितलेलं, बाटली मी नऊलाच बदलली.
अशी चिल्लर वर्षानुवर्षं पदराला बांधत आले,
ती त्या रात्री एकदम कामी आली.
दारात बाबा असते तर?
त्यांच्या गाठीला चिल्लरच नव्हती.
ते होय म्हणाले असते,
आणि मग जन्मभर कुठला रस्ता टाळला असता?

रविवारी प्याला फिरत आला तेव्हा मी घेतला.
क्षमा मागायला शब्द लावून पाहिले, लागले नाहीत.
आभारही मानवेनात.

मुलगी पहाटेच, धुण्याच्या गाडीतून, मागल्या फाटकानं,
खंडव्याच्या बाजूला गेली.
पुढे सुखरूप बाळंत झाली, असं सांगावंसं वाटतं.
पण ते मला ठाऊक नाही.

वाळवीनं सोडलं असेल तर रजिस्टर अजून
रेकॉर्डरूममध्ये असेल.
सतरा तारीख, चौथी ओळ, माझ्या अक्षरात मर्सी.
भरती झाली आहे.
डिस्चार्जचा रकाना कोरा.