मेंढ्यांच्या शेडमधले नियम

या, जवळ या. बादल्या खाली ठेवा.
एकोणतीस वर्षं हे मीच वाचते.
ऑगस्ट आला, मिनेसोटातली ही आमची काउंटीची जत्रा भरली,
की कागद नवा, मजकूर तोच,
आणि खाली माझी सही : आर्डिथ क्वामी.

शर्ट खोचा. कॉलरचं बटण लावा.
तोंडातलं च्युइंगगम त्या डब्यात.
डब्यात म्हटलं, कॉर्विन, खांबाला नाही.
कोकराच्या कानातला बिल्ला आणि अर्जावरचा आकडा
एकच असू दे. दोन वर्षांपूर्वी एकीला
एवढ्यावरून रडत घरी पाठवलं मी;
खाद्याच्या दुकानात दिसले की अजून मान फिरवते.

परीक्षक आणि जनावर यांच्या मधे उभं राहायचं नाही.
तो डावीकडे आला की तुम्ही उजवीकडे.
नजर त्याच्यावर, हात हनुवटीखाली,
गुडघ्याला छाती टेकवून कोकरू ताठ.
तो पाठीवरून बोटं फिरवेल.
काय चाचपतोय ते तुम्हाला ठाऊक आहे.
ठाऊक नसल्यासारखं करू नका,
आणि असल्यासारखं चेहऱ्यावर आणू नका.
वजन विचारलं तर आकडा सांगा, कहाणी नको.

मारायचं नाही. कान पिरगाळायचा नाही.
शेजारच्याचं सुटलं तर आधी फाटक लावा, मग धावा;
हसायचंच असेल तर रात्री तंबूत हसा.
हरलात तर पहिल्या आलेल्याचा हात हातात घ्या,
नीट, मेलेल्या माशासारखा नाही.
जिंकलात तर…
हे वाक्य कुणी ऐकत नाही.

आणि आईबापांनो, तुम्ही कुंपणाबाहेर.
खुणा करू नका. मला दिसतात.

*

शनिवारी लिलाव झाला.
कॉर्विन हासचं कोकरू, नाव थर्स्डे,
बारांत पाचवं आलेलं.
टायरवाल्या लुंडीननं घेतलं,
पौंडाला चार डॉलर, टोपीला बोट लावून.

नियम चौदा : खरेदीदाराला आभाराचं पत्र,
हातानं लिहिलेलं, तिकीट लावलेलं, पाकीट उघडं.
मी वाचल्याशिवाय चेक मिळत नाही.
मी शुद्धलेखन बघते. बाकी काही बघायचं नसतं.

"प्रिय मिस्टर लुंडीन,
थर्स्डेला विकत घेतल्याबद्दल आभारी आहे.
पैशातून मी पुढच्या वर्षीचं कोकरू घेणार आहे
आणि थोडे दातांच्या तारेसाठी देणार आहे.
तो आधी ओट्स खातो, मका मागाहून.
त्याला डाव्या कानामागे"

इथून पुढे दीड ओळ खोडलेली,
इतकी दाबून की कागद फाटला.

"आपला, कॉर्विन हास, वय दहा."

फाटक्या कागदाबद्दल नियम नाही. मी सगळे चाळले.
उजेडाला धरलं असतं तर वाचता आलं असतं,
बल्ब डोक्यावरच होता.
नाही धरलं.

बाहेर ट्रकची फळी आदळली.
नियम सतरा : गळ्यातली दोरी मुलाची, त्यानं काढून घ्यावी.
तो परत आला तो दोरीचे मनगटाला दोन वेढे घेऊन.
झाडू मागितला. कुणी न सांगता जागा झाडली,
कोपऱ्यातला भुसासुद्धा.
बादली पालथी घालता घालता थांबला.
तिच्यात अजून अर्धं पाणी होतं.
ते त्यानं शेजारच्या कोकराच्या बादलीत ओतलं,
हळू, थेंबही न सांडता.

मी यादीवर खूण केली : जागा स्वच्छ.
पाकिटाची कड जिभेनं ओली केली, चिकटवली,
आणि डिंकाची चव तोंडात तशीच ठेवून
विचारलं, पुढचं पत्र कुणाचं?