पिवळा

लाल अर्मांसकडे गेला, ती सगळ्यांत जुनी.
निळा दोघी बहिणींनी वाटून घेतला.
पिवळा माझ्या वाट्याला आला
कारण त्या सोमवारी मी उशिरा पोचले,
आणि तो कुणालाच नको होता:
उजेडावर पटकन दिसत नाही,
डोळे जातात.

माँत्रुईतली ती माडी, चाळीस जणी,
समोर दुधी काच, काचेखाली दिवा,
आणि काचेवर टपालाच्या तिकिटाहून लहान
एक मिशीवाला,
टोपीतून लिंबू काढणारा.
लिंबाचा पुढे चंद्र होतो, चंद्रावर बाई येऊन बसते,
पण ती बाई लाल,
तिच्याशी माझा संबंध नाही.
माझं लिंबू.
सेकंदाला सोळा लिंबं.

तीन केसांचा कुंचला
ओठांत धरून टोक काढायचं.
घरमालकीण विचारायची, कावीळ का गं?
चव मात्र लिंबाची नाही,
कडू, गंजल्या किल्लीसारखी.
दिवसभर मान मोडून जेवढं रंगवाल
तेवढं पडद्यावर
साखरेचा खडा तोंडात विरायच्या आत संपतं,
असं मादाम कोर्निये सांगायची
आणि मग पगार मोजायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दाईचं कार्ड आलं,
मोर्वाँहून.
वाचता येणारी अर्मांस.
तिनं हळूहळू वाचलं,
वाचायला तशा दोनच ओळी:
फिर्मँ अंगावर पीत नाही.
औषधाचे तीन फ्रँक पाठवा.

मी कुंचला खाली ठेवला नाही.
हाताला कुठे वाचता येतं, म्हटलं,
त्याचं त्याला करू दे.

पण लिंबू रेषेबाहेर गेलं.
मिशीवर, बाहीवर,
कधी नुसतंच हवेत, टोपीपासून लांब.
परत आत. परत बाहेर.
कोर्नियेनं भिंग लावून पाहिलं, अर्धा फ्रँक कापला,
आणि फीत वाळलेली म्हणून
तशीच डब्यात घालून पाठवून दिली.

महिन्याने नाँतच्या तंबूवाल्याचं पत्र:
ते लिंबू त्याच्या हातात श्वास घेतं.
लोक बाकं बडवतात, पुन्हा लावायला लावतात.
अशाच पाच प्रती हव्यात.
हुबेहूब अशाच.

बसले.
हात मुद्दाम हलवला,
तर नुसता गिचका झाला.
थंडीतल्या जिन्याची आठवण काढली,
बापाच्या पट्ट्याची काढली.
अर्मांसनं टेबलाखालून लाथाही घालून पाहिल्या,
दोघी हसून हसून पडलो.
लिंबू आपलं गोल,
शहाणं, मेलेलं.

फिर्मँला तोवर दोन दात आले होते.
दाईचं बोट चावतो, असं कार्ड होतं.
हे हाताला कळलं होतं
आणि तो काही केल्या घाबरेना.

पुढे यंत्र आलं. साच्यातून रंग,
एका दमात तीनशे लिंबं, एकही रेषेबाहेर नाही.
चाळिसांतल्या नऊ उरल्या, मी त्यांत नव्हते.
धुलाईकामात हात पांढरे झाले,
जिभेवरचा पिवळा मात्र बरेच दिवस राहिला.

नाँतला मी कधी गेले नाही.
आमच्या चौकात तो खेळ लागला तेव्हा पाहिला,
पाचांतली एक प्रत, शहाणी.
शेजारची बाई म्हणाली, काय सुंदर चंद्र!
मी म्हटलं, तो आधी लिंबू होता.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

जुन्या फिती म्हणे उकळतात.
चांदी वेगळी काढतात,
उरल्याचे कंगवे करतात, बटणं करतात.
मला हे एका भंगारवाल्यानं सांगितलं,
खरं-खोटं त्याला माहीत.

नवा कंगवा घेतला
की आधी खिडकीशी धरते, उजेडासमोर,
एक डोळा मिटून.

फिर्मँ, आता त्यालाच मिशी आहे, विचारतो,
आई, कोऱ्या कंगव्यात उवा शोधतेस?

हो म्हणते.