भारनियमन

उम्म अल कुवैनच्या खाडीमागे, टायरच्या गोदामाला लागून
आमची शेड. आत एक विमान आहे. म्हणजे
पंख भिंतीला टेकवलेले, शेपूट छताला टांगलेली,
धड मध्ये दोन घोड्यांवर
आणि नाकात अजून इंजिन नाही.
परकार त्याला गलबत म्हणतो.

सहा शनिवार आम्ही एकाच प्रश्नापाशी अडलोय:
वीज कुणाच्या हाती द्यायची.

एक रस्ता जुना. एकवीस वर्षं शारजाच्या हँगरात मी तोच तुडवला:
एकेका दिव्याला एकेक तार, एकेका तारेला एकेक ब्रेकर.
काही बिनसलं की काळं बटण टक् करून बाहेर येतं.
डोळे मिटलेले असले तरी बोटाला कळतं
कोण रुसलंय.

दुसरा रस्ता हा डबा.
पोळ्यांच्या डब्याएवढा, आत हलणारं काहीच नाही.
कुठल्या तारेतून किती अँपिअर जातात ते पडद्यावर मांडतो,
जास्त झाले तर स्वतः तोडतो, थांबतो, पुन्हा जोडून बघतो.
किंमत नऊ हजार आठशे दिरहॅम.
परकारने आकडा ऐकला
आणि चहा खाली ठेवला.

"आणि डबाच गेला तर?"
दापोलीहून आलेला, जन्मभर ढाऊंची डिझेल इंजिनं
उघडून मिटवलेला माणूस.
हातोडीने समजूत घालता येत नाही
अशा वस्तूवर त्याचा भरवसा बसत नाही.
मी म्हटलं, आत दोन मेंदू आहेत. एक गेला तर दुसरा.
"एकाच डब्यात?"
मी पक्कड शोधू लागलो.

बाहेर सेहेचाळीस. पत्रा तडतडतोय.
इथली हवा खारी आहे; मागच्या उन्हाळ्यात लावलेला तांब्याचा सांधा
दिवाळीपर्यंत हिरवा झाला होता.
जुन्या रस्त्यावर असे सांधे नव्वद.
ते मी मोजून दाखवले, एकेकावर पेनाने टिंब देत.
चाळिसाव्या टिंबाला परकार म्हणाला, "बस्स. घे तुझा डबा."

डब्याबरोबर एक तक्ता आला.
आकाशात जनित्र बंद पडलं तर आधी काय विझवायचं,
मग काय, मग काय,
ते जमिनीवरच ठरवून लिहायचं.
परकार हसला. "म्हणजे भारनियमन!"

एवढ्या वर्षांत हा शब्द कानावर पडला नव्हता.
पारोळ्याला माझा थोरला भाऊ सबस्टेशनवर होता.
वेळापत्रक वरून यायचं, खटका तो ओढायचा,
आमच्याच फीडरचा.
आणि रात्री कंदिलापुढे जेवताना
कुणाकडे वर बघायचा नाही.
त्याच वर्षी घरात ठरलं, दोघांतला एक बाहेर जाईल.
कुणी तक्ता केला नव्हता.
तरी पहिली ओळ माझी निघाली.

फोन चार्ज करायचं भोक: पहिलं. वाद नाही.
पंखातला दिवा: दुसरा. मग उजवीकडचा पडदा.
पेट्रोलचा पंप सगळ्यात शेवटी.
माझ्या हिशेबाने बॅटरी पंचेचाळीस मिनिटं पुरेल,
परकारच्या हिशेबाने तीस, कारण माझे हिशेब
त्याला ठाऊक आहेत.

रेडिओवर अडलं.
मी म्हणालो, विमान पंखांवर उडतं, बोलण्यावर नाही.
तो म्हणाला, समुद्रात बंद पडलेल्या होडीत
तू एक रात्र काढ, मग सांग.

शेवटी पंपाला मी एक वेगळी तार दिली,
थेट बॅटरीपासून, डब्याला न विचारता.
पॅनेलला भोक पाडून त्यात एक जुना ब्रेकर बसवला.
परकारने तो ओढला. टक्.
इंजिन नाही, पंप नाही, बॅटरी अजून खोक्यात.
त्याने दाबला, पुन्हा ओढला. टक्.
"हां," म्हणाला.

तक्ता भिंतीवर चिकटवलाय.
रेडिओची ओळ अजून कोरी आहे.