धुराची गणती

दुआर्तेनं विचारलं, "बाई, गावात घरं किती जागी आहेत?"
मी म्हटलं, मला काय माहीत, शोधा.
खरंच माहीत नव्हतं.

सात मुलं, चार इयत्ता, एक खोली.
खिडकीतून दिसतो तो डोंगर स्पेनचा,
अलीकडचं सगळं आमचं.

युक्ती बेनेदिताची, ती चौथीत:
सकाळी आठला चर्चच्या पायरीवर उभं राहायचं
आणि धुराडी मोजायची.
धूर तिथे माणूस.

नऊ सकाळी मोजलं.
व्हिओलेताचा एक हातमोजा हरवला, तो अजून सापडलेला नाही.
पुठ्ठ्यावर छप्पन्न घरं काढली,
धूर दिसला त्या घरावर चेस्टनटचं टरफल चिकटवलं.
टरफलं एकोणीस.

प्रदर्शनाला देओलिंदाबाई आल्या,
काठीचं टोक एकतीस नंबरवर टेकवून म्हणाल्या,
"हे माझं घर. मी गेले कधी?
कळवायचं तरी."
लेकीनं फ्रान्सहून विजेचा हीटर पाठवलाय,
तीन हिवाळे झाले, चुलीला काडी लागलेली नाही.

दुआर्तेचे कान लाल. त्यानं खोडरबर उचललं.
मी म्हटलं, खोडू नकोस.
रेघ मार, शेजारी कारण लिही.

मग दारं वाजवत फिरलो, छप्पन्नच्या छप्पन्न.
आठ नंबरचं धुराडं रोज भकाभका धूर ओकायचं,
आत पाहिलं तर आढ्याला सॉसेजच्या माळा,
माणूस कुणी नाही.
अमांदियु खालच्या गावाहून पहाटे येतो, मांसाला धुरी देतो,
कुलूप लावून जातो.

एक मिळवला. एक वजा केला.
एकोणीस.

"म्हणजे आपलं चुकलंच नव्हतं?" व्हिओलेता म्हणाली.
मी खडू हातात धरून उभी.
बेनेदिता नखानं डिंक खरवडत होती,
मान वर न करता म्हणाली,
"तेव्हा नुसतं जमलं होतं."

जिल्ह्याच्या फॉर्मवर
'प्रकल्पाची निष्पत्ती' या रकान्याला जागा एका ओळीची.
मी १९ लिहिलं.
पुढे काही लिहायला गेले, पेनाची शाई गोठलेली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता
एकतीस नंबरवर धूर, ओल्या लाकडांचा, काळाकुट्ट.
मुलं धावत गेली.
देओलिंदाबाई दारातच, डोळे चोळत, खोकत:
"तुमचा काय भरवसा."