पदरचं काही न घालता

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला की
पूर्वी चढाच्या रस्त्यांवर दोर बांधत, माणसांना धरायला.
आता ज्यानं त्यानं आपापलं बघायचं.
मी खांद्यानं वारा रेटत तुल्लिओच्या दुकानात शिरले,
कोटाच्या आत एकच सीडी, चेलोची,
तिसऱ्या तुकड्यावर लिव्हिओच्या घड्याळाचा ओरखडा.

"ट्रान्सपोर्ट हवाय," मी म्हणाले.
"डॅक आहे, अॅम्प आहे,
स्पीकर तर स्वयंपाकघराची फरशी पुढच्या वर्षावर ढकलून घेतलेत.
आता फक्त तबकडी वाचून आकडे पुढे देणारा पाहिजे.
पदरचं काही न घालणारा."

तुल्लिओनं पहिला दाखवला. चौदा किलो.
अॅल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेला,
झाकण सरकतं ते इतकं हळू
की आपणच श्वास धरून उभे राहतो.
किंमत विचारली,
तर त्यानं आधी कॉफी मागवली.

दुसऱ्याचा खण नोटरीच्या टेबलासारखा,
गुपचूप बाहेर, गुपचूप आत.
तिसरा कोपऱ्यात होता, करडा, जुना,
गोरित्सियाच्या कुणा दंतवैद्याच्या घरून आलेला,
झाकणाला आगपेटीएवढा पोचा.
"तो नको बघू," तुल्लिओ म्हणाला.

ओरखड्याशी पहिला थांबलाच नाही.
चेलो वाहत राहिला, तुपातून सुरी जावी तसा.
"इथले आकडे तर खरवडून गेलेत,
मग हे कुठून आलं?"
"अलीकडचं पलीकडचं बघून
मधलं तो भरून काढतो," तुल्लिओ अभिमानानं म्हणाला.
"कळणारसुद्धा नाही."
"सांगतो का तो, की भरलं म्हणून?"
"कुणाला सांगणार, सिन्योरा?"

मी एकतीस वर्षं इथल्या कोर्टात दुभाषी होते.
स्लोव्हेनियनमधून इटालियनमध्ये,
ना आरोपीची, ना सरकारची.
माणूस रडला तरी आपण रडायचं नाही,
त्यानं शिवी दिली तर शिवीच द्यायची,
तेवढ्याच वजनाची, न्यायमूर्तींच्या तोंडावर.

कार्सोच्या दगडखाणीत दोर तुटला, त्या खटल्यात
एक म्हातारा साक्षीदार, क्रियापदावर येऊन खोकला.
"दोर तुटताना मी
आणि मग धावलो."
मधला शब्द खोकल्यात गेला.
न्यायमूर्तींनी घड्याळाकडे पाहिलं.
मी अलीकडचं बघितलं, पलीकडचं बघितलं
आणि म्हणाले: पाहिलं.
दोर तुटताना मी पाहिलं, आणि मग धावलो.
छान वाक्य झालं. कुठे खाच नाही.

यंत्रावरच्या रादो जेर्यालला दोन वर्षं लागली.
संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर तो म्हातारा
बायकोला सांगत होता, "मी नुसतं ऐकलं गं,
पाठ होती माझी."
मी उद्या सांगेन म्हणाले होते, स्वतःशी.
मग शनिवार आला.
मग पुढचा खटला.

"तो करडा लाव," मी तुल्लिओला म्हणाले.
करडा घरघरला, तबकडी शोधत राहिला जरा वेळ,
म्हाताऱ्यानं चष्मा शोधावा तसा.
मग चेलो आला. बरा होता.
पहिल्याइतका खोल नाही, हे मला ऐकू येत होतं,
उगाच खोटं कशाला बोलू.
ओरखड्याशी आला
आणि खट्.
गप्प.
पुन्हा खट्. आणि पुढचं.

"बिघडलाय," तुल्लिओ ओशाळून म्हणाला.
"लेन्स बदलून देतो, आठवड्यात."
"नको," मी म्हणाले. "हात लावू नकोस."

लिव्हिओ अजून कुरकुरतो.
एवढे स्पीकर, आणि त्यांच्यापुढे हे डबडं!
पाहुणे आले की तिसरा तुकडा टाळतो.
मी एकटी असले की तोच लावते,
खट् यायच्या आधी
हातातलं काम खाली ठेवते.